‘कितवीपासून?’ या प्रश्नाच्या पलीकडे

२०२५ हे वर्ष आपल्या देशात शालेय भाषांच्या वादाचे वर्ष ठरले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यातील त्रिभाषा सूत्र स्वीकारण्यास तमिळनाडूने नकार दिला, समग्र शिक्षा अभियानातील त्या राज्याचा निधी अडला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेले. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनच्या मध्यावर बदलला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मागे घेतला गेला. दोन्ही राज्यांचे राजकारण वेगळे, इतिहासही वेगळा. पण वाद फिरत राहिला तो दोनच प्रश्नांभोवती: भाषा कोणती आणि ती कितवीपासून? ती आठवड्यातून किती तास शिकवणार, कोण शिकवणार आणि ती शिकून मुलाला नेमके काय करता यावे, हे तीन प्रश्न विधिमंडळांत क्वचितच विचारले गेले. जगातील अन्य देशांचा अनुभव पाहिला, तर यश-अपयशाचा निकाल मात्र या तीन प्रश्नांवरच लागलेला दिसतो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘परकीय भाषा’ म्हणजे काय, याचे उत्तर जर्मनीत सोपे आहे, भारतात नाही. इंग्रजी घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तरीही १९६३च्या राजभाषा कायद्यामुळे ती संघराज्याच्या कारभारात कायम राहिली आणि नागालँडसारख्या राज्याची ती राजभाषाच आहे. २०२०च्या धोरणानुसार शाळेत शिकायच्या तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय असल्या पाहिजेत. पालक इंग्रजी सोडणार नाहीत हे उघड आहे. म्हणजे परकीय भाषेची जागा इंग्रजीनेच व्यापली. त्याच धोरणात माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांची नावे आहेत (२०१९च्या मसुद्यात असलेली चिनी अंतिम धोरणात दिसत नाही), पण त्यांच्या वाट्याला वेळापत्रकाचा उरलासुरला कोपराच येणार.

युरोपातील घाई आणि माघार

मार्च २००२ मध्ये बार्सिलोना येथे युरोपीय संघाच्या नेत्यांनी एक उद्दिष्ट ठरवले: प्रत्येक मुलाने मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा शिकाव्यात आणि त्यांची सुरुवात अगदी लहान वयात व्हावी. त्यानंतर बहुतेक युरोपीय देशांत पहिल्या परकीय भाषेचा आरंभ सहा ते आठ या वयापर्यंत खाली आला. बेल्जियमच्या जर्मनभाषक प्रदेशात तर तो तिसऱ्या वर्षीच होतो. डेन्मार्कने २०१४ मध्ये इंग्रजी तिसरीवरून पहिलीत आणली. फिनलंडने २०२० मध्ये तेच केले. तेथील फिनिशभाषक मुले शिवाय सहावीपासून स्वीडिश शिकतात, कारण स्वीडिश ही त्या देशाची दुसरी राष्ट्रभाषा आहे.

जर्मनीचा अनुभव मात्र आपल्या शिक्षण विभागांनी बारकाईने वाचावा असा आहे. तेथे शिक्षण हा राज्यांचा विषय. बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याने २००३ मध्ये पहिलीपासून परकीय भाषा सुरू केली आणि २०१८ मध्ये ती पुन्हा तिसरीवर नेली. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्यात २००३ साली इंग्रजी तिसरीपासून होती. २००८ मध्ये ती पहिलीच्या उत्तरार्धात आणली गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा तिसरीत परतली. दरम्यान बोखुमच्या रूर विद्यापीठातील संशोधकांनी याच राज्यातील विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांची तुलना केली होती. पाचवीत पहिलीपासून शिकलेली मुले पुढे होती. सातवीपर्यंत मात्र तिसरीपासून शिकलेल्यांनी त्यांना गाठून मागे टाकले होते. यातून लवकर शिकणे वाईट ठरते असे नव्हे. खेळ-गाण्यांतून शिकून आलेल्या मुलांना माध्यमिक शाळेने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला लावली, तर आधीची दोन वर्षे वाया जातात, एवढे मात्र त्यातून कळते.

वयाविषयीची आपली समजूतही येथे तपासून पाहिली पाहिजे. लहान मूल भाषा चटकन उचलते, हे खरे. पण ते जिथे ती भाषा दिवसभर कानावर पडते अशा घरात, अंगणात, बाजारात. आठवड्यातून दोन तासिकांच्या वर्गात ते घडत नाही. स्पेनमधील कार्मेन मुन्योझ यांच्या संशोधनगटाने बार्सिलोनातील शाळांत वर्षानुवर्षे हेच तपासले. शिकवण्याचे तास समान धरले, तर अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुले आठव्या वर्षी सुरुवात केलेल्यांपेक्षा वेगाने पुढे जातात, असे त्यांना आढळले. थोडे मोठे मूल नियम ओळखते, तुलना करते, स्वतःच्या भाषेतील वाचन-लेखनाचे कौशल्य नव्या भाषेत वापरते. त्या आधारावाचून सात वर्षांच्या मुलाच्या हाती उरते ती केवळ पाठांतराची शक्ती.

लक्झेंबर्ग हा याला अपवाद वाटेल, पण तो नियमच सिद्ध करतो. तेथील मुले घरी वा बालवाडीत लक्झेंबर्गिश बोलतात, अक्षरओळख जर्मनमधून करतात, प्राथमिक शाळेच्या आरंभीच्या वर्षांतच फ्रेंच शिकू लागतात आणि गणितासारखे विषय प्राथमिक शाळेत जर्मनमधून शिकून माध्यमिक शाळेत फ्रेंचमधून शिकतात. यासाठी तो देश शाळेच्या वेळेचा फार मोठा वाटा भाषांना देतो, शिक्षकांना तिन्ही भाषा येणे आवश्यक मानतो. तरीही पोर्तुगीज बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना जर्मनमधून अक्षरओळख करून घेणे जड जाते, हे तेथील सरकारच्या ध्यानात आले आणि आता फ्रेंचमधून अक्षरओळखीचा पर्याय देण्याच्या दिशेने पावले पडली आहेत. श्रीमंत, छोट्या आणि सुसज्ज देशालाही मुलाची घरची भाषा ओलांडून जाता आलेले नाही.

आपल्या त्रिभाषा वादाशी सर्वांत जवळचे नाते आहे ते स्वित्झर्लंडचे. जर्मनभाषक प्रांतातील मुलाने आधी काय शिकावे: शेजारच्या देशबांधवाची फ्रेंच की जगाची इंग्रजी? २००४ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी तोडगा काढला की प्राथमिक शाळेतच दोन्ही शिकवाव्यात, त्यांतील एक राष्ट्रभाषा असावी, क्रम प्रांताने ठरवावा. झ्यूरिखने इंग्रजीला अग्रक्रम दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये झ्यूरिखच्या विधिमंडळाने याही पुढे जाऊन प्राथमिक शाळेतील फ्रेंच माध्यमिक स्तरावर ढकलण्याच्या बाजूने कौल दिला. फ्रेंचभाषक प्रांतांत त्यावर नाराजी उमटली आणि संघराज्य सरकारने कायद्याने हस्तक्षेप करण्याची भाषा सुरू केली. चेन्नई आणि दिल्लीतील संवाद ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. फरक इतकाच, की झ्यूरिखमधील चर्चेत ‘एवढ्या वर्षांत मुलांना फ्रेंच किती आली?’ हा प्रश्न मोजमापासह विचारला गेला.

पूर्व आशियातील परीक्षेचा भार

दक्षिण कोरियात नोव्हेंबरमधील एका गुरुवारी अर्ध्या तासाहून अधिक काळ एकही विमान उडत नाही की उतरत नाही. विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरे देण्याचा भाग सुरू असतो आणि मुलांच्या कानांना त्रास होऊ नये म्हणून देशाचे आकाश शांत ठेवले जाते. इंग्रजीला एवढी प्रतिष्ठा देणाऱ्या या देशाने १९९७ मध्ये ती तिसरीपासून सुरू केली. पण पालकांना तिसरीही उशिराची वाटू लागली. बालवाडीपासून खासगी इंग्रजी वर्गांचा बाजार फोफावला. २०१८ मध्ये सरकारने पहिली-दुसरीतील मुलांसाठी शाळेनंतर भरणारे इंग्रजी वर्ग बंद केले. शाळेतले स्वस्त वर्ग गेले, बाहेरचे महागडे राहिले. पालकांच्या रोषापुढे वर्षभरातच कायदा बदलावा लागला.

चीनने २००१ मध्ये तिसरीपासून इंग्रजीचे धोरण आखले आणि वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले. जपान या दोघांहून सावध. तेथे २०११ पासून पाचवी-सहावीत इंग्रजीची ओळख होती. २०२० मध्ये ती तिसरी-चौथीत नेण्यात आली आणि पाचवी-सहावीत तिला गुणांकनासह विषयाचा दर्जा मिळाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे मोरी आरिनोरी आठवल्यावाचून राहत नाही. १८७२च्या सुमारास या तरुण मुत्सद्द्याने जपानने शिक्षणासाठी इंग्रजीचा आश्रय घ्यावा असा विचार मांडला होता. अमेरिकी भाषातज्ज्ञ विल्यम व्हिटनी यांनीच त्यांना त्यापासून परावृत्त करणारे उत्तर धाडले. पुढे जपानने पाश्चात्त्य ज्ञान झपाट्याने जपानीत आणले आणि वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा हे सारे स्वभाषेत शिकवले. परकीय भाषा शिकणे आणि परकीय भाषेतून शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विवेक जपानने दीडशे वर्षे जपला आहे. आपल्याकडे या दोहोंची गल्लत रोज होते.

ही गल्लत धोरणात शिरली की काय होते, याचे उदाहरण रवांडा. २००८ मध्ये त्या देशाने शिक्षणाचे माध्यम फ्रेंचवरून इंग्रजी करण्याचे ठरवले. वर्गात उभे असलेले बहुसंख्य शिक्षक फ्रेंचमधून शिकलेले. २०११ पासून पहिली तीन वर्षे किन्यार्वांडा या स्वभाषेत शिकवण्याची मुभा मिळाली. २०१९च्या अखेरीस पुन्हा पहिलीपासून इंग्रजीचा आदेश निघाला. शिक्षक मात्र एका आदेशाने बदलत नाहीत.

तास आणि हेतू

आता थोडा हिशोब करू. एखादी युरोपीय भाषा स्वतंत्रपणे व्यवहारात वापरता येईल अशा पातळीपर्यंत, म्हणजे युरोपीय भाषाचौकटीतील ‘बी-१’पर्यंत, पोहोचायला साधारण साडेतीनशे ते चारशे तासांचे मार्गदर्शित शिक्षण लागते असे मानले जाते. आठवड्याला चाळीस मिनिटांच्या दोन तासिका आणि वर्षाचे छत्तीस शैक्षणिक आठवडे धरले, तर वर्षाला ४८ तास होतात. सहावी ते आठवी या तीन वर्षांत १४४. म्हणजे एकही तास बुडाला नाही, शिक्षक एकदाही निवडणुकीच्या कामाला गेला नाही, तरी मूल अर्ध्या वाटेवरही पोहोचत नाही. तेथेच भाषा सुटली, तर जे आले तेही विरून जाते.

याउलट केरळमधील परिचारिका पाहा. जर्मनीतील रुग्णालयांत नोकरीसाठी त्यांना सामान्यतः याहूनही वरची, ‘बी-२’ ही पातळी गाठावी लागते. विशी-तिशीतल्या या मुली, ज्यांनी शाळेत जर्मनचा एक शब्दही ऐकला नव्हता, साधारण वर्षभराच्या रोजच्या वर्गांत ती गाठतात. त्यांचे वय ‘उलटून गेलेले’ असते. पण त्यांच्यापाशी तास असतात, प्रशिक्षित शिक्षक असतो आणि भाषा का शिकायची याचे उत्तर असते.

हे शेवटचे उत्तर नसेल तर काय होते, हे हंगेरीने दाखवले. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मुलांना चार दशके पाचवीपासून रशियन सक्तीची होती. तास भरपूर, शिक्षक उपलब्ध, सत्तेचे पाठबळ पूर्ण. १९८९ मध्ये सक्ती उठली तेव्हा त्या पिढ्यांपैकी फार थोड्यांना रशियन बोलता येत होते. रशियनच्या हजारो शिक्षकांना पुन्हा प्रशिक्षण देऊन इंग्रजी-जर्मनचे शिक्षक करावे लागले. दुसऱ्या टोकाला इंग्लंड: २००४ मध्ये तेथे चौदा वर्षांनंतर परकीय भाषा ऐच्छिक झाली आणि फ्रेंच-जर्मन घेणाऱ्यांची संख्या घसरत गेली. २०१४ मध्ये प्राथमिक स्तरावर भाषा सक्तीची केल्यानेही ती घसरण थांबली नाही. निव्वळ सक्तीने भाषा येत नाही आणि निव्वळ सूट दिल्यानेही ती टिकत नाही.

आपले घर

आपल्याकडील कागदोपत्री इतिहास मोठा आहे. १८५४च्या वुडच्या खलित्यातच सामान्य जनतेसाठी देशी भाषा आणि उच्च शिक्षणासाठी इंग्रजी अशी विभागणी होती. त्रिभाषा सूत्राचा विचार केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने १९५६ मध्ये मांडला, १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने तो सोपा केला, कोठारी आयोगाने त्याला नवे रूप दिले आणि १९६८च्या धोरणात त्याचा समावेश झाला. हिंदीभाषक राज्यांनी तिसरी भाषा म्हणून शक्यतो दक्षिणेतील एखादी आधुनिक भाषा शिकवावी, अशी त्यात अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ती जागा संस्कृतने घेतली, कारण संस्कृतचा शिक्षक मिळत होता. तमिळ किंवा तेलुगूच्या शिक्षकाची पदे मंजूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही. दक्षिणेचा अविश्वास केवळ भावनेतून आलेला नाही, त्याच्या मुळाशी हा एकतर्फी व्यवहार आहे.

इंग्रजीबाबत राज्यांनी दोन्ही टोके गाठून पाहिली. पश्चिम बंगालने १९८०च्या दशकाच्या आरंभी सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढली; परिणामी ज्यांना परवडत होते ते खासगी शाळांकडे वळले आणि २००४ मध्ये ती पहिलीपासून परत आणावी लागली. महाराष्ट्राने २००० पासूनच पहिलीत इंग्रजी आणली होती. आंध्र प्रदेशने २०१९ मध्ये सरकारी शाळांचे माध्यमच इंग्रजी करण्याचा आदेश काढला, तो पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने रद्द केला. केंद्रीय विद्यालयांत २०११च्या करारानुसार शिकवली जाणारी जर्मन नोव्हेंबर २०१४ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर, तिसऱ्या भाषेच्या स्थानावरून हटवून तिच्या जागी संस्कृत आणली गेली. त्या निर्णयाच्या दोन्ही बाजूंना युक्तिवाद होते. पण सहावीतल्या मुलाला वर्षाच्या मधोमध भाषा बदलायला सांगण्याच्या बाजूने कोणताही शैक्षणिक युक्तिवाद असू शकत नाही.

फलित काय? ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटासाठी झालेल्या २०२३च्या ‘असर’ पाहणीत निम्म्याहून थोड्या अधिक, ५७.३ टक्के, मुलांना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली. त्याच पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूरही अस्खलित वाचता आला नाही. या दोन आकड्यांचा संबंध आहे. पहिल्या भाषेचा पाया कच्चा असताना वर चढवलेला दुसरा मजला उभा राहत नाही.

सेवेत असताना १९९०च्या दशकाच्या मध्यात मी दक्षिण ओडिशातील एका आदिवासी भागातल्या निवासी शाळेत तपासणीसाठी गेलो होतो. मुले इंग्रजी वाचनपाठ एका सुरात म्हणत होती. पुस्तकात गाय होती आणि वाक्य गाईचेच होते. मी पान उलटून शेळीच्या चित्रावर बोट ठेवले. वर्गाने तितक्याच जोशात पुन्हा गाईचेच वाक्य म्हटले. शेळीला घरी काय म्हणता, असे विचारायला शिक्षकांना सांगितले, तेव्हा ते संकोचले. ते किनारपट्टीवरचे, मुले कुई बोलणारी. “साहेब, यांची भाषा मलाही येत नाही,” ते प्रांजळपणे म्हणाले. शेवटी स्वयंपाकीण बाईंना बोलावले. त्यांनी चित्र दाखवून विचारताच वर्गातून एकदम दहा-बारा आवाज उठले आणि त्यानंतर प्रत्येकाला आपापल्या घरच्या शेळीबद्दल काही ना काही सांगायचे होते.

त्या मुलांसाठी पहिली परकीय भाषा इंग्रजी नव्हतीच. ती ओडिया होती. आपल्या धोरणात या वास्तवासाठी रकाना नाही. तीन भाषा मोजताना गोंडी, कुई, संताळी, मुंडारी बोलणाऱ्या मुलाची चौथी भाषा आपण हिशेबातच धरत नाही, आणि तीच त्याची पहिली असते. ओडिशाने पुढे २००७च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम सुरू केला, तो आणखी भाषांपर्यंत वाढवला. त्यात उणिवा आहेत, तरीही आधी मुलाच्या भाषेत वाचन, मग राज्याची भाषा आणि त्यानंतर इंग्रजी ही त्याची दिशा योग्य आहे.

आदेशाचा स्वस्तपणा

प्रशासनात साडेतीन दशके काढल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगता येते: इयत्ता बदलणे हा शिक्षणातला सर्वांत स्वस्त निर्णय असतो. त्याला एका पानाचा आदेश पुरतो. वित्त विभागाची संमती लागत नाही. पदे निर्माण करणे, ती भरणे, शिक्षकांना स्वतः ती भाषा बोलता येईल इतके शिकवणे याला दहा वर्षे आणि खरा पैसा लागतो, आणि त्याचे श्रेय बहुधा पुढच्या सरकारला मिळते. म्हणून वाद इयत्तेवर होतो. ज्या देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत, तेथे पहिलीपासून तिसरी भाषा म्हणजे त्याच एका शिक्षकाच्या हाती दिलेले आणखी एक पुस्तक.

माझ्या मते निदान चार गोष्टी पक्षभेदापलीकडे मान्य होण्यासारख्या आहेत. पहिली, तिसरी संपेपर्यंत मुलाला त्याच्या परिचयाच्या भाषेत अर्थ समजून वाचता आले पाहिजे. तोवर इंग्रजी असावी, पण ती गाणी, गोष्टी, संभाषण यांपुरती. दुसरी, कोणत्याही नव्या भाषेच्या आदेशासोबत मंजूर शिक्षकपदांची जिल्हावार यादी जोडणे बंधनकारक असावे. यादी नसेल तर आदेशही नसावा. तिसरी, फ्रेंच, जर्मन, जपानी, कोरियन या भाषा आठवड्याला दोन तासिकांनी अनेक वर्षे रेंगाळत शिकवण्यापेक्षा नववीनंतर रोज एक तास, सलग तीन वर्षे, आणि इच्छुकांनाच शिकवाव्यात; त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी अनेक शाळांचे मिळून एक केंद्र चालवता येईल. चौथी, तीन वर्षांनी मुलाला ती भाषा किती बोलता येते हे तोंडी परीक्षेने मोजावे आणि निकाल प्रसिद्ध करावा.

यांतील चौथी सूचना कोणत्याही शिक्षण विभागाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. जर्मन राज्यांनी आपले आदेश फिरवले ते मोजमाप हाती आल्यावर. आपण ते फिरवतो मोर्चा निघाल्यावर. पुढचा भाषावाद पेटेल तेव्हा विधिमंडळातील एखाद्या सदस्याने ‘कितवीपासून?’ असे विचारण्याआधी, गेल्या वीस वर्षांत जी भाषा आपण शिकवली ती किती मुलांना आली, एवढी आकडेवारी सभागृहापुढे मागावी. अनेक राज्यांत ती देता येणार नाही, आणि खरी चर्चा तेथूनच सुरू व्हायला हवी.